वाचकांचे प्रश्न : अण्णांची ठासणीची बंदूक

प्रश्न : माझे बालपण उत्तर सोलापूर तालुक्यात, नान्नजजवळच्या एका गावात गेले. रब्बी ज्वारी हुरड्यात आली की आमचे वडील, अण्णा, जागलीला जाताना ठासणीची बंदूक (नळीच्या तोंडातून दारू ओतून ती गजाने ठासायची जुनी बंदूक) खांद्याला लावत आणि कधी कधी मलाही सोबत नेत. काळविटांचे कळप व रानडुकरे पिकात शिरू नयेत म्हणून ते छर्ऱ्यांविना नुसत्या दारूचा बार काढत. मी दहा-अकरा वर्षांचा असताना बांधाला टेकवलेल्या फुटक्या मडक्यावर त्यांनी मला नेम धरायला लावला. दणक्यापेक्षा मला आठवतो तो पांढरा धूर. त्यात मडके फुटले की नाही तेही दिसेना. त्यांचे काही नियम मला तेव्हा उमगले नाहीत. दारू डब्यातून थेट नळीत ओतायची नाही, हे का? गजावर दोन खाचा कशासाठी होत्या? बार झाला नाही तर बंदूक तशीच धरून आकडे का म्हणायचे? आणि घरात करडईचे तेल असताना नळीसाठी ते खोबरेलच का मागत? अण्णा गेल्यापासून बंदूक घरीच आहे. बहीण म्हणते, लेकराच्या हाती बंदूक देणेच चूक होते. आपल्याला काय वाटते?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपले पत्र वाचून अण्णांविषयी फार आदर वाटला, कारण आपण लिहिलेल्या प्रत्येक नियमामागे ठोस कारण आहे आणि ती कारणे त्यांना नेमकी ठाऊक असली पाहिजेत.

आधी धुराचे सांगतो. ठासणीच्या बंदुकीची काळी दारू सोरा, कोळसा आणि गंधक यांची असते. वजनात त्यांचे प्रमाण साधारण ७५, १५ आणि १० असे धरतात. ही दारू जळाल्यावर तिच्या निम्म्याहून कमी भागाचा वायू होतो आणि उरलेल्याचे बारीक घन कण होतात. त्यांतले काही पांढऱ्या धुराच्या रूपाने बाहेर पडतात, तर काही नळीत काजळी होऊन बसतात. सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत शोभेचे दारूकाम पाहताना आपल्याला जागलीची आठवण होत असेल, तर त्याचे कारण हेच की दोन्हीकडे वास जळक्या गंधकाचा असतो.

बार झाल्यावर त्या काजळीत एखादी ठिणगी धुमसत राहू शकते. अशा नळीत डब्यातून थेट दारू ओतली, तर पेट वर चढून हातातला डबाच उडायचा. म्हणून एका बारापुरती दारू वेगळ्या मापात घ्यायची, आणि त्याआधी ओलसर फडके गजाने नळीतून फिरवायचे. गजावरच्या खाचांचे कामही असेच जिवाशी निगडित आहे. गज नळीत तळापर्यंत सोडल्यावर एक खाच तोंडाशी आली तर नळी रिकामी, दुसरी आली तर बार भरलेला आणि नीट ठासलेला, असे अंधारातही बोटांनी कळते. ठासताना दारू आणि छर्रे यांच्यामध्ये पोकळी राहिली, किंवा विसरून बारावर बार भरला गेला, तर नळी फुगते, प्रसंगी फुटते.

आकडे म्हणण्याचे कारण टोपीत, म्हणजे बार पेटवणाऱ्या छोट्या तांब्याच्या झाकणात, आहे. पूर्वी तोड्याच्या बंदुकीला पेटती वात लागे, नंतर चकमक आली. स्कॉटलंडमधील अलेक्झांडर फॉर्साइथ या धर्मोपदेशकाने आघाताने पेटणाऱ्या रसायनाची युक्ती १८०७ मध्ये पेटंट केली आणि तिच्यातूनच पुढे तांब्याची टोपी निघाली. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी बारीक छिद्रातून दारूपर्यंत जाते. छिद्र काजळीने तुंबले असेल किंवा दारू दमट असेल, तर बार उशिराने होतो, म्हणून आकडे म्हणत तेवढा वेळ बंदूक तशीच धरायची. चाप ओढूनही आवाज आला नाही म्हणून मुलाने नळी वळवून आत डोकावले असते, तर काय झाले असते, हे अण्णांना दिसत होते.

खोबरेलाची गोष्ट मला सर्वांत आवडली. दारू जळून उरलेले क्षार हवेतला ओलावा ओढून नळीला लवकर गंज चढवतात. ते तेलाने निघत नाहीत, पाण्यात विरघळतात, म्हणून आधी गरम पाणी, मग कोरडे फडके आणि शेवटी तेलाचा हात. करडईचे तेल हवेत हळूहळू सुकून चिकट होते (म्हणूनच ते रंगांतही वापरतात), खोबरेल तसे सुकत नाही. सोलापूरच्या घरात करडईचे तेल हाताशी असताना खोबरेल मागणारा माणूस आपल्या हत्याराला किती जपत असेल!

बहिणीचे म्हणणे मात्र डावलता येत नाही. परवाना एका व्यक्तीच्या नावाचा असतो, आणि कायद्याने २१ वर्षांखालील व्यक्तीला बंदूक बाळगता येत नाही. १९८३ च्या दुरुस्तीपूर्वी ही मर्यादा १६ होती. दहा-अकरा वर्षांचा मुलगा दोन्हींत बसत नाही. अण्णांनी बांधाची आड घेतली, नियम आधी शिकवले, हे खरे. तरी आज कोणी वडील असे करू पाहतील, तर मी त्यांना स्पष्ट नाही म्हणेन.

आता बंदुकीचे. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा खास उल्लेख आहे, पण अण्णांचा परवाना त्यांच्यापुरताच होता. त्यामुळे बंदूक विनाविलंब नजीकच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायला हवी. वारस म्हणून ती स्वतःकडे हवी असेल, तर शस्त्र नियम, २०१६ नुसार अर्ज करता येतो. गावात राहत असाल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे, सोलापूर शहरात राहत असाल तर पोलीस आयुक्तांकडे. जुनी किंवा गंजलेली असणे एवढ्याने सूट मिळत नाही. सूट आहे ती दुरुस्त करूनही चालू न शकणाऱ्या शस्त्राला. आणि एक कळकळीची विनंती : त्या नळीत जुना बार अजून असू शकतो, आणि काळी दारू कोरडी राहिली तर वर्षानुवर्षे जिवंत राहते. गज घालून स्वतः तपासू नका, घोड्याला हात लावू नका, मुलांना त्या खोलीत जाऊ देऊ नका. पोलीस ठाण्याला आधी कळवा आणि नळी जाणकार कारागिराकडूनच रिकामी करून घ्या.