व्याख्यान एकट्या मुलींसाठी नको

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात शिकवतो. राष्ट्रीय सेवा योजनेचं कामही माझ्याकडे आहे. लैंगिक अत्याचार रोखण्याविषयी तुमचं व्याख्यान ठेवायचं आहे. प्राचार्य म्हणतात, फक्त मुलींना बसवा, मुलं हुल्लड करतील. काय करावं?
– एक प्राध्यापक

उत्तर : सर, मुलांना बाहेर ठेवणार असाल तर मी येणार नाही. हे रागानं लिहीत नाही. ओढणी नीट घे, मोबाइल जपून वापर, अंधाराच्या आत घरी ये, हे आपल्या मुली लहानपणापासून ऐकतात. तेच मी माइकवरून सांगून काय होणार? ज्यांच्याशी बोलायला हवं ते तेव्हा सायकल स्टँडवर उभे असतात.

धारणी, वणी, उमरेड, कुठेही जा, पहिली दहा मिनिटं मागच्या रांगेत हशा असतोच. मी थांबवत नाही. देसाईगंजची, म्हणजे आपल्या वडशाची, हकिकत सांगायला लागते. १९७२ साली तिथल्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडलं. अंगावर जखमा नाहीत, तिनं आरडाओरडा केला नाही, म्हणजे तिची संमती होती असं धरलं. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. वडसा म्हटलं की आपल्या पोरांना गाव डोळ्यांसमोर दिसतं, कुणाचा तरी मामा तिथं असतो. मग ती ऐकतात. आजचा कायदा स्पष्ट सांगतो की केवळ प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असं धरता येत नाही. हे वाक्य मी मुलांकडून मोठ्यानं म्हणवून घेते.

त्यानंतर विचारते, मित्रानं वर्गातल्या मुलीचा फोटो ग्रुपवर टाकला, खाली घाण लिहिलं, तू काय करशील? "आपण कायले मधात पडा मॅडम?" हे उत्तर हमखास येतं, आणि माझा सगळ्यात जास्त वेळ तिथंच जातो. भांडायची गरज नाही. ग्रुपवर "काढ तो फोटो" एवढं एकानं लिहिलं की दुसरा लिहितो. मग तिला जाऊन विचारायचं, मॅडमकडे यायचं का, मी बरोबर येतो.

पण कोणत्या मॅडमकडे? सभागृहात मी विचारते, लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या तुमच्या अंतर्गत तक्रार समितीच्या अध्यक्ष कोण? बहुतेक ठिकाणी प्राध्यापकच एकमेकांकडे बघतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनुसार ही समिती प्रत्येक महाविद्यालयात हवी. अध्यक्ष वरिष्ठ प्राध्यापिका, निम्म्या तरी स्त्रिया, बाहेरच्या संस्थेची एक व्यक्ती, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर निवडून आलेले विद्यार्थीही. तक्रार तीन महिन्यांत करायची. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत संपवायची. आणि सर, तुमचं दत्तक गावातलं शिबिरही यात येतं, त्यामुळे शिबिराला निघण्याआधी हे सांगाच. मी येण्यापूर्वी समितीची नावं आणि फोन फलकावर लावा, मुलींच्या प्रसाधनगृहातही. बोलायला सांगायचं आणि ऐकायला कुणीच नाही, हा मुलींवर अन्याय आहे.

कार्यक्रम सोयाबीन काढणीच्या आधी ठेवा, नंतर अर्धा वर्ग शेतात असतो. आणि शेवटच्या एसटीच्या बऱ्याच आधी संपवा, कारण खरे प्रश्न कार्यक्रम झाल्यावर दाराशी येतात. शेवटी मी सगळ्यांकडून चिठ्ठ्या घेते, कोरी असली तरी टाकायचीच, म्हणजे कुणी लिहिलं ते कळत नाही. त्यांत एक वाक्य पुन्हा पुन्हा येतं : "घरी सांगतलं तं कॉलेज बंद होईन." म्हणून पालकसभेतही मला बोलू द्या.

प्रश्न : ताई, गावातला एक मुलगा रोज बसस्टँडपर्यंत मागे येतो, नको म्हटलं तरी मेसेज करतो. घरी सांगायची भीती वाटते.
– बी.ए. प्रथम वर्षाची विद्यार्थिनी

उत्तर : बाळा, तुझी यात काहीच चूक नाही. नकार दिल्यावरही असा पाठलाग करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. तू अठराच्या आतली असशील तर पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदाही लागतो. मेसेज पुसू नकोस, तारीख-वेळ वहीत लिहून ठेव. अंगावर आला तर तातडीच्या मदतीसाठी ११२ लाव. सल्ला हवा असेल तर महिला हेल्पलाइन १८१ आहे, आणि जिल्ह्याच्या सखी केंद्रात वकील, समुपदेशक आणि पोलिसांची मदत एकाच जागी मिळते. घरी एकटीनं सांगू नकोस; आत्या, मावशी, जी तुझी बाजू घेईल तिला शेजारी बसव. तुझ्या मॅडमना हे पान दाखव आणि मला पत्र लिहायला सांग. बाबांशी बोलायला त्यांच्याबरोबर मी तुझ्या घरी येईन.