‘मॅडम, नाशिकमध्ये चांगली ऑफिसं आहेतच कुठे?’

बी.आर्क.चे, म्हणजे आर्किटेक्चरच्या पाच वर्षांच्या पदवीचे, निकाल लागले की माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या मुलांचा प्रश्न दरवर्षी साधारण सारखाच असतो. नाशिकमध्ये राहून मन लावून काम करता येईल असं आर्किटेक्टचं ऑफिस सापडेल का, की पुणे-मुंबई-बंगळूर गाठल्याशिवाय गत्यंतर नाही? आईवडिलांचा प्रश्न त्याला लागूनच येतो: पाच वर्षं फी भरली, आता पगार किती? गेल्या वर्षी आलेल्या एका मुलीच्या निमित्ताने या प्रश्नाच्या मुळाशी जाता आलं, म्हणून तिची गोष्ट सांगते. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी नाशिकरोडची, वडील प्रेसमध्ये नोकरीला. दोघं एकत्रच आले. तिने इन्स्टाग्रामवर दिसली त्या सगळ्या ऑफिसांना मेल पाठवले होते. मेल एकच, फक्त वरचं नाव बदललेलं, सोबत साठेक पानांचा पोर्टफोलिओ. बहुतेकांचं उत्तरच नाही, दोन-तीन ठिकाणांहून ‘सध्या जागा नाही’. पुण्यातल्या एका मोठ्या ऑफिसात सीनियरच्या ओळखीने काम मिळत होतं, पण ते निव्वळ थ्रीडी आणि रेंडरचं, म्हणजे कॉम्प्युटरवर इमारतीची चित्रं करायचं. वडिलांना ते पसंत होतं. तिला नव्हतं, पण का नव्हतं ते तिला सांगता येत नव्हतं. वर्गातल्या दोघी अहमदाबादला गेल्या होत्या, एक जण बंगळूरला. ‘मी इथेच राहिले तर मागे पडेन, मॅडम. आणि इथे चांगली ऑफिसं आहेतच कुठे?’

मी शहराचा विषय बाजूला ठेवला. तिला विचारलं, पाच वर्षांत कोणतं काम करताना तुला जेवायचीही आठवण राहिली नाही? मला वाटलं थिसिस सांगेल. ती म्हणाली, दुसऱ्या वर्षाचं मेझर ड्रॉइंग. जुन्या नाशकातला एक वाडा तिच्या गटाने टेप लावून इंच न् इंच मोजला होता. मग ती वाड्याच्या एका खांबाबद्दल बोलायला लागली. सागवानी खांब थेट जमिनीत पुरलेला नसतो, दगडी तळखड्यावर उभा असतो, त्यामुळे जमिनीची ओल लाकडात चढत नाही. त्या वाड्यात मागच्या दुरुस्तीत कुणीतरी तळखड्याभोवती सिमेंटचा कोबा चढवला होता आणि नेमका तिथेच खांब कुजला होता. हे सांगताना तिचे हात हवेत खांब रेखाटत होते. वडील तिच्याकडे बघत राहिले. म्हणाले, ‘हे तू घरी कधी बोलली नाहीस.’

माझ्या दृष्टीने निम्मा प्रश्न तिथेच सुटला होता. जुनं बांधकाम, दगड, लाकूड, चुना, दुरुस्ती, म्हणजे वस्तू प्रत्यक्षात कशी जोडली जाते यात तिचा जीव होता. रेंडरच्या कामाला मन का तयार नव्हतं ते यातून कळलं. उरला प्रश्न असं काम करणारी माणसं शोधायची कशी, हा.

इथे मुलांना सहसा माहीत नसलेली एक गोष्ट सांगायला हवी. १९७२च्या आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टखाली नोंदणी असलेल्यालाच स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येतं, आणि या मंडळींच्या व्यावसायिक वर्तनाचे नियम १९८९ पासून लागू आहेत. त्या नियमांनुसार आर्किटेक्टला आपल्या सेवेची जाहिरात करता येत नाही. वर्तमानपत्रात बिल्डरची पानभर जाहिरात असते, आर्किटेक्टची नसते, ती यामुळे. मात्र आपण केलेल्या इमारतीवर नाव लावायची मुभा आहे. तिथेही अट आहे: अक्षरं १० सेंटिमीटरपेक्षा उंच नकोत. ज्यांचं काम बघण्यासारखं आहे ते कित्येकदा शोधणाऱ्याला दिसत नाहीत, याचं एक कारण हे. इन्स्टाग्रामवर सापडतात ती फोटो चांगले टाकणारी ऑफिसं. त्यांत उत्तम ऑफिसंही असतात, पण शहरातली सगळी उत्तम ऑफिसं त्यांत नसतात.

म्हणून मी तिला उलटीकडून सुरुवात करायला सांगितलं. आधी इमारत, मग नाव. आठवडाभर शहरात फिर, जी इमारत पाय थांबवेल तिथे थांब आणि का थांबलीस ते वहीत लिही. त्यानंतर ती कुणाची ते शोध. बांधकाम चालू असेल तर साइटवरच्या फलकावर आर्किटेक्टचं नाव असतं. फ्लॅटची स्कीम असेल तर महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर त्या प्रकल्पाच्या पानावर आर्किटेक्टची नोंद मिळते. २०१७ पासून ही सोय आहे, पण ती ग्राहकांपुरती आहे असं समजून विद्यार्थी तिकडे फिरकतच नाहीत. बंगला, शाळा, वायनरी, देवस्थानाची धर्मशाळा यांच्यासाठी मात्र तोंडानेच विचारावं लागतं: मालकाला, वॉचमनला, दगडकाम करणाऱ्या मिस्त्रीला. मिस्त्री आणि सुतार यांना तर जरूर विचारावं. कुणाची ड्रॉइंग साइटवर आल्यावर शंका उरत नाही आणि कोण फोनवरच काम उरकतो, हे त्यांच्याइतकं नेमकं कुणीच सांगत नाही.

ती पुन्हा आली तेव्हा फोनमध्ये बरेच फोटो होते, पण बोलली ती दोनतीन इमारतींबद्दलच. एक होता गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीतला बंगला. पावसाळा सरत आला होता. शेजारच्या इमारतींच्या छज्ज्यांखाली काळे ओघळ उतरलेले, याच्या भिंती मात्र कोरड्या आणि स्वच्छ. वाकून पाहिलं तर छज्ज्याच्या खालच्या बाजूला, कडेपासून थोडी आत, बोटभर रुंदीची खाच सगळीकडे सलग फिरवलेली होती. पावसाचं पाणी त्या खाचेपाशी तुटतं आणि तिथूनच खाली पडतं, भिंतीपर्यंत पोचत नाही. हे प्रत्येक विद्यार्थी बांधकामाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात शिकतो. तिचं म्हणणं असं, की ही खाच कोपऱ्यावरही तुटलेली नव्हती, म्हणजे कुणीतरी साइटवर उभं राहून ती करून घेतली होती. फाटकाच्या खांबावर काळ्या दगडाची लहानशी पाटी होती आणि तिच्यावर आर्किटेक्टचं नाव. त्या ऑफिसचं इन्स्टाग्राम खातं नव्हतं.

नाशिक या शोधासाठी गरीब शहर नाही, हे मी अगदी मनापासून सांगते. सराफ बाजारातल्या सरकारवाड्यापासून काळारामाच्या पाषाणापर्यंत जुनं बांधकाम इथे आहे आणि त्याची दुरुस्ती सतत निघत असते. सातपूर, अंबड, सिन्नरला कारखाने आहेत. गंगापूर धरण आणि दिंडोरीच्या बाजूला वायनऱ्या, रिसॉर्ट, फार्महाऊस आहेत. इगतपुरीकडे धो धो पावसात टिकेल असं बांधायचं म्हणजे वेगळाच अभ्यास. त्र्यंबकेश्वरला यात्रेकरूंसाठी बांधणं हा आणखी निराळा. कारखान्यांची कामं करणाऱ्या ऑफिसांकडे मुलं नाक मुरडतात, ते मला पटत नाही. खांबांमधली मोठी अंतरं, उजेड-वारा, वेळेत काम पुरं करणं, इंजिनीअरांशी रोजचं बोलणं हे तिथे जितकं शिकायला मिळतं तितकं दहा फ्लॅट स्कीमच्या एलिव्हेशनमधून, म्हणजे दर्शनी बाजूच्या चित्रांतून, मिळत नाही. सध्या सिंहस्थाच्या कामांची शहरात लगबग आहे. पण ऑफिसात काम भरपूर असलं म्हणजे नवख्याला शिकायला मिळेलच असं नाही, हे मुलांनी धरून चालावं.

कारण एकाच पाटीखाली कामं फार वेगवेगळी चालतात. काही ऑफिसांचा मुख्य भाग महापालिकेकडून नकाशे मंजूर करून घेण्याचा असतो. राज्याची २०२०ची बांधकामाची एकत्रित नियमावली, एफएसआय (जागेवर किती बांधता येईल याचं प्रमाण), टीडीआर (बांधकामाचा हक्क दुसऱ्या जागेवर वापरणं), मंजुरीसाठी द्यायची सबमिशन ड्रॉइंग. हे काम हलकं नाही आणि ते येणारा माणूस उपाशी राहत नाही. पण ज्या मुलीला खांबाचा तळखडा आठवतो तिला दोन वर्षं फक्त पार्किंगच्या रेषा मारायला बसवलं तर ती कोमेजते. म्हणून मुलाखतीला जाताना तिने विचारायचे प्रश्न आम्ही आधी पक्के केले. पहिले सहा महिने मी नेमकं काय करणार? वर्किंग ड्रॉइंग, म्हणजे साइटवर ज्यांवरून बांधतात ते तपशीलवार नकाशे, इथेच होतात की बाहेर देता? साइटवर ज्युनिअर जातात का, की फक्त सर? इथून गेलेली मुलं आता कुठे आहेत, त्यांच्यापैकी कुणाशी बोलता येईल? शेवटच्या प्रश्नावर जे ऑफिस सहज नंबर देतं, त्याच्यावर माझा विश्वास बसतो.

पोर्टफोलिओही कापला. साठ पानांची दहा झाली आणि पहिल्या पानावर आलं ते वाड्याचं हाताने काढलेलं मेझर ड्रॉइंग, खांब आणि तळखड्याच्या तपशिलासह. मेल मोजक्याच ठिकाणी गेले, प्रत्येक वेगळा. सुरुवातीला त्या ऑफिसची कोणती इमारत पाहिली आणि तिच्यात काय दिसलं हे चार ओळींत. बंगल्याच्या आर्किटेक्टना तिने छज्ज्याच्या खाचेबद्दल लिहिलं. त्यांचा दुसऱ्याच दिवशी फोन आला.

आता पगार. वडिलांना मी तो विषय टाळायला सांगितलं नाही. घर चालवणाऱ्या माणसाने तो विचारलाच पाहिजे. या क्षेत्रात ‘शिकायला मिळतंय ना’ म्हणून मुलांना फुकट किंवा नाममात्र पैशांवर राबवायची सवय अजून आहे, आणि ती मला संतापजनक वाटते. वर्तनाच्या ज्या नियमांत जाहिरातीला मनाई आहे, त्याच नियमांत कर्मचाऱ्यांना कामाचं योग्य वातावरण आणि रास्त मोबदला द्यावा, त्यांच्या व्यावसायिक वाढीला मदत करावी असंही आर्किटेक्टवर बंधन आहे. मुलांनी हे माहीत ठेवून, आवाज न चढवता, पगार किती आणि कोणत्या तारखेला होतो ते पहिल्याच भेटीत विचारावं. तिने विचारलं. आकडा पुण्यापेक्षा कमी निघाला. आम्ही तिघांनी कागदावर मांडणी केली: पुण्यातलं भाडं, मेस, येणंजाणं एका बाजूला, घरून नाशिकरोडहून जाऊन काम करणं दुसऱ्या बाजूला. महिनाअखेर हातात उरणाऱ्या रकमेत फार फरक नव्हता. वडील तरी लगेच तयार झाले नाहीत. वर्षभर बघू, मग ठरवू, इतकंच म्हणाले, आणि मला ते योग्य वाटलं.

मागे पडण्याच्या भीतीबद्दल आम्ही एक अख्खी बैठक बोललो. ती मैत्रिणींच्या स्टोऱ्या बघून रात्री जागायची. मी तिला अहमदाबादच्या मैत्रिणीला फोन करून फक्त एक गोष्ट विचारायला सांगितली: या आठवड्यात हाताने काय केलंस? मैत्रीण नामांकित ऑफिसात होती आणि आठवडाभर तिने मॉडेलसाठी बोर्ड कापले होते. ती तिथे खूश होती, तिच्यासाठी ते बरोबरच होतं. आपल्या मुलीला इतकंच कळलं, की दोघी पहिल्याच पायरीवर आहेत.

त्या बंगल्याच्या आर्किटेक्टकडे ती आता वर्षभर काम करते आहे. पाच-सहा माणसांचं ऑफिस. सुरुवातीचे दोन महिने तिने जुन्या प्रकल्पांची ड्रॉइंग नीट लावली, त्याचा तिला कंटाळा आला आणि तसं ती मला फोनवर म्हणालीही. नंतर पंचवटीतल्या एका जुन्या घराच्या दुरुस्तीवर तिला पाठवलं गेलं. चुन्याचं काम करणारे कारागीर मिळवण्यापासून बिलं तपासण्यापर्यंत सगळं तिच्याकडे आलं. एकदा मोजमाप चुकून दाराची चौकट लहान आली, तेव्हा सुताराची माफी मागून ती पुन्हा बनवून घेतली. ऑफिसने तिच्या पगारातून काही कापलं नाही.

कॉन्झर्व्हेशनमध्ये, म्हणजे जुन्या वास्तूंच्या जतनात, पदव्युत्तर शिक्षण घ्यायचा विचार आता तिच्या डोक्यात आहे, दिल्लीच्या एसपीए किंवा अहमदाबादच्या सेप्ट या संस्थेत. आर्किटेक्ट म्हणतात अजून एक पावसाळा साइटवर काढ, वडील म्हणतात शिकायचं तर आत्ताच शिक. पुढच्या महिन्यात दोघं त्यासाठी येणार आहेत. येताना त्या घराची सगळी ड्रॉइंग घेऊन ये, असं मी तिला सांगितलं आहे.