निळ्या टपाल तिकिटावर वाफेचं जहाज आणि खाली 'LMcL' अशी गुंफलेली अक्षरं, ना किंमत ना देशाचं नाव. हे कोणतं जहाज?

हे 'लेडी मॅक्लिओड', त्रिनिदाद बेटावरचं. नाव तिथल्या गव्हर्नरच्या पत्नीवरून. 1845 च्या अखेरीपासून ते पोर्ट ऑफ स्पेन ते सॅन फर्नांडो अशा फेऱ्या मारायचं. प्रवासी, माल आणि टपाल सगळंच न्यायचं.

टपालासाठी ठरावीक वर्गणी भरणारे लोक होते. बाकीच्यांना दर पत्रामागे 10 सेंट रोख मोजावे लागत, आणि ही सुटी नाणी गोळा करणं म्हणजे डोक्याला ताप. 1847 मध्ये जहाज डेव्हिड ब्राइसनं विकत घेतलं आणि एप्रिलमध्ये स्वतःची तिकिटंच छापून आणली: एक घेतलं तर 5 सेंट, शंभर घेतली तर 4 डॉलर. म्हणजे रोखीच्या निम्मे किंवा त्याहूनही कमी! माणूस पक्का व्यापारी होता. सरकारनं तिथं तिकिटं काढली ती थेट 1851 मध्ये, म्हणून हे तिकीट खाजगीच. तरीही जहाजाचं चित्र असलेलं जगातलं पहिलं तिकीट म्हणून त्याचाच मान.

तुमच्याकडच्या तिकिटाचा एखादा कोपरा उडालेला असेल तर लगेच हिरमुसू नका. शिक्का मारण्याऐवजी पेनानं फुली मारायची किंवा कोपरा सोलून काढायचा, हीच तेव्हाची रद्द करायची पद्धत होती. कडेला दातेरी भोकं मात्र दिसली तर ते अस्सल नाही. मूळ तिकिटं कात्रीनंच कापावी लागत. 1972 मध्ये 125 वर्षांनिमित्त त्रिनिदाद-टोबॅगोनं याच जहाजावर नवी तिकिटं काढली, ती सहज मिळतात.