पपईच्या एका फोडीने काही बिघडलेलं नाही

«ताई, लग्नाला चार वर्षं झाली. चौदा महिने बाळासाठी प्रयत्न चालू आहेत. माझं वय ३१. सासूबाईंनी त्यांच्या ओळखीच्या एका बाईंकडून पथ्याचा कागद आणला, तो फ्रीजवर लावलाय. दही, ताक, लिंबू, पपई, अननस, तीळ, वांगं, अंडं बंद. मीठ फक्त सैंधव. सोमवार, गुरुवार आणि चतुर्थीचा उपवास. रोज सकाळी अनशापोटी शिवलिंगीच्या बियांची पूड दुधातून. वर्षभर सगळं पाळतेय. वजन ५२ किलो होतं, ते ४४ वर आलंय. उंची पाच फूट तीन इंच. पाळी आधी २९-३० दिवसांनी यायची, आता ४२-४५ दिवसांनी येते. मागच्या महिन्यात मैत्रिणीकडे हळदीकुंकवाला गेले होते, तिथे पपईची एक फोड खाल्ली. नंतर पाळी आली तेव्हा वाटलं, मीच माझ्या हाताने घालवलं. दोन दिवस रडत होते. सासूबाई वाईट नाहीत, माझ्यासाठी त्याही उपवास करतात. नवऱ्याला कागद लागू नाही. तो वडापाव खातो, तंबाखू खातो. मी आणखी काय सोडू म्हणजे दिवस राहतील?»
— स., सांगली जिल्हा

प्रिय स.,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा शेवटच्या ओळीपाशी थांबले. «आणखी काय सोडू?» बाळ, सोडण्यासारखं तुझ्या ताटात आता उरलंय काय?

आधी पपईचं सांगते, म्हणजे मनावरचं ओझं उतरेल. कच्च्या पपईच्या चिकाने गर्भाशय आकुंचन पावतं, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. त्याच प्रयोगांत पिकलेल्या पपईच्या रसाने तसं काही झालं नाही. तू खाल्लीस ती पिकलेली, तीही एक फोड. त्या फोडीने तुझी पाळी आणली नाही. अगदी निरोगी, तरुण जोडप्यालासुद्धा एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता चार-पाचात एक एवढीच असते. बाकीच्या महिन्यांत पाळी येणारच, आणि त्यात कुणाच्या जिभेचा दोष नसतो.

खरी काळजी मला वाटते ती तुझ्या ४४ किलोंची. तुझ्या उंचीला वजन कमीत कमी साडेसत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस किलो हवं. वर्षापूर्वी तू ५२ किलोंची होतीस, म्हणजे व्यवस्थित होतीस, आणि पाळीही महिन्याच्या महिन्याला येत होती. आठ किलो गेले आणि पाळी दोन आठवडे लांबली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असण्याची दाट शक्यता आहे. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक छोटासा भाग आहे. पाळीचं सगळं चक्र तिथून हलतं. शरीरात येणारं अन्न पुरतंय का, चरबीचा साठा किती आहे, याची बातमी त्याला सतत मिळत असते. घरात धान्य कमी पडायला लागलं की जाणती बाई पाहुण्यांना आत्ताच बोलवत नाही. तसंच तोही बीज सोडण्याचे इशारे मंद करतो. मग बीज उशिरा सुटतं, कधी सुटतच नाही. पाळी लांबते, आणि दिवस राहण्याच्या संधी वर्षाला बाराच्या जागी आठ-नऊ उरतात. ज्या पथ्याने बाळ यावं म्हणून तू जिवाचं रान केलंस, ते पथ्यच बहुधा वाटेत आडवं आलंय.

मी सरकारी दवाखान्यात आहारतज्ज्ञ होते तेव्हा बायकांना सांगायचे, कालचं खाणं केसपेपरच्या मागे लिहून काढा. एकीचा कागद माझ्या अजून डोळ्यांपुढे आहे. सकाळी कपभर दूध, दुपारी वाटीभर साबुदाण्याची खिचडी, रात्री एक राजगिऱ्याचा लाडू. खाली तिने स्वतःच लिहिलं होतं: «पाणी भरपूर.» ती दिवसभर शेतात भांगलण करून आली होती. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात प्रथिनं नावालाच. आठवड्यातून दोन दिवस, शिवाय चतुर्थीला असं खाल्लं आणि उरलेल्या दिवशी दही, ताक, अंडं बंद ठेवलं, तर प्रथिनं येणार कुठून?

म्हणून निदान वजन भरून येईपर्यंत उपवास थांबव. देवावर श्रद्धा असेल तर दिवा लाव, पारायण कर, मंदिरात जा. पोट रिकामं ठेवायची त्याला गरज नाही. फारच मन खात असेल तर उपवासाच्या दिवशी दाणे, दही, दूध, राजगिरा, वरी, रताळं, फळं असं दोन वेळा पोटभर खा.

सैंधवाचं मला जास्त गंभीर वाटतं, कारण त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. आपल्या रोजच्या मिठात आयोडीन मिसळलेलं असतं. सैंधवात बहुतेक वेळा नसतं, पाकिटावर «आयोडीनयुक्त» लिहिलंय का ते बघ. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, गरोदरपणात २५०. थायरॉईड त्यावरच चालते. थायरॉईड मंदावली तर पाळी बिघडते, दिवस राहायला अडचण येते. आणि राहिले तरी पहिल्या महिन्यांत बाळाचा मेंदू आईच्याच थायरॉईडच्या भरवशावर वाढतो. वर्षभर सैंधव खाल्लंयस, तेव्हा टीएसएचची, म्हणजे थायरॉईडच्या कामाची रक्ततपासणी करून घे आणि साधं आयोडीनयुक्त मीठ आजपासून सुरू कर.

शिवलिंगीची पूडही थांबव. तिने दिवस राहतात याचा भरवशाचा पुरावा नाही. शिवाय सुटी पूड असली की त्यात काय आहे, किती आहे, कुणी सांगू शकत नाही. इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक औषधांची तपासणी अमेरिकेत झाली होती. २००८ साली ती प्रसिद्ध झाली. त्यांतल्या साधारण पाचापैकी एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. तुझ्या पुडीत ते आहेच असं मी म्हणत नाही. पण शिसं गर्भाला घातक आहे, आणि बाळ हवं असलेल्या बाईने बिनलेबलाचं काही वर्षभर पोटात घेऊ नये.

आता काय खायचं ते. तुला फार लांब जावं लागणार नाही. तुमच्याकडची ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, मेथी, पोकळा, हरभऱ्याचं पिठलं, वर दही, हे ताट मी कुणाही डॉक्टरपुढे अभिमानाने ठेवीन. भाकरीवर तूप किंवा तेल घे, हात आखडू नकोस. कागद यायच्या आधी अंडी खात होतीस, तर रोज एक-दोन खा. तासगावचे बेदाणे आणि मूठभर दाणे डब्यात ठेव आणि चारच्या सुमाराला खा. उसळीवर लिंबू पिळ. लिंबाने बीज मरत नाही. उलट त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे डाळी-भाज्यांतलं लोह अंगाला लागतं. जेवणाला लागून चहा घेतला की तेच लोह वाया जातं, म्हणून मध्ये तासाभराचं अंतर ठेव. दिवसाला दोन कप चहाला काही हरकत नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के रक्तक्षयाच्या निघाल्या. तेव्हा हिमोग्लोबिन मोजून घे. दही-ताक-अंडी बंद होती म्हणून बी-१२ सुद्धा.

अमेरिकेत साडेसतरा हजारांवर परिचारिकांचा आठ वर्षं पाठपुरावा केला होता. त्याचे निष्कर्ष २००७ मध्ये आले. ज्यांच्या खाण्यात डाळी-उसळींची प्रथिनं जास्त होती, लोह पुरेसं होतं, साय न काढलेलं दूध होतं आणि वनस्पती तुपातली ट्रान्स चरबी कमी होती, त्यांना बीज न सुटण्याची अडचण कमी आली. अशा अभ्यासातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही, आणि तो फक्त बीज सुटण्यापुरता आहे. पण त्यातलं बहुतेक सगळं आपल्या जुन्या ताटात आहेच.

हे वाचणाऱ्या काहीजणींची अडचण तुझ्या उलट असेल. पीसीओडी, म्हणजे बीज वेळेवर न सुटण्याचा बीजकोशांचा विकार आहे, वजन जास्त आहे, पाळी दोन-दोन महिने येत नाही. त्यांनी माझं तुपाचं बोलणं स्वतःला लावून घेऊ नये. त्यांचं वजन पाच ते दहा टक्के उतरलं तरी अनेकींचं बीज पुन्हा सुटायला लागतं. ८० किलोंच्या बाईला ते चार ते आठ किलो होतात. तेही उपाशी राहून नाही. मैदा-साखर कमी करून, डाळी-भाज्या वाढवून आणि रोज चालून.

एक गोळी मात्र तुला घ्यायचीच आहे, फॉलिक ॲसिडची. दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम, दिवस राहण्याच्या निदान महिनाभर आधीपासून. बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. तोवर पुष्कळ बायकांना पाळी चुकल्याचंही नीट कळलेलं नसतं. म्हणून नंतर सुरू करून तो काळ हातात येत नाही. आपल्याकडे दुकानात बऱ्याचदा ५ मिलिग्रॅमची गोळी हातात ठेवतात. ती कुणाला लागते हे डॉक्टर ठरवतील, तू विचारून घे.

आता तुझ्या नवऱ्याकडे वळते, कारण हा कागद त्याला लागू नाही हे वाक्य तू इतकं सहज लिहून गेलीस की मला वाईट वाटलं. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाच्या बाजूचं काही ना काही कारण असतं, एकटं किंवा बाईच्या कारणाच्या जोडीने. तंबाखू ओढली काय किंवा चुना लावून दाढेखाली धरली काय, शुक्रजंतूंची संख्या आणि हालचाल दोन्हींवर परिणाम होतो. शुक्रजंतू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात. म्हणजे त्याने आज तंबाखू सोडली तर फरक दिसायला तीन महिने जातील, आणि सोडायला त्याने उशीर केलेला प्रत्येक महिना तुमच्या दोघांच्या हिशेबातून जाईल. त्यानेही तुझ्यासारखंच घरचं ताट खावं, भाज्या, फळं, मूठभर अक्रोड-बदाम-दाणे. ताकदीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या पावडरींवर पैसे घालू नका. अमेरिकेत २,३७० जोडप्यांमधल्या पुरुषांना सहा महिने झिंक आणि फॉलिक ॲसिड, नाहीतर औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी देऊन पाहिली. २०२० साली निकाल आला: वीर्यातही फरक नाही, बाळं होण्यातही नाही.

आणि त्याची वीर्यतपासणी झाली नसेल तर ती सगळ्यांत आधी. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा, बस. त्यात दुखत नाही, खर्च थोडा. एवढी साधी तपासणी बाजूला ठेवून बायको वर्षभर उपाशी राहते, हे मी नोकरीच्या सगळ्या वर्षांत पाहत आले. अजूनही मला ते सहन होत नाही.

खाण्याने काय होत नाही तेही तुला सांगायला हवं. बंद झालेली गर्भनलिका कोणत्याही भाजीने उघडत नाही. प्रोलॅक्टिन, म्हणजे अंगावरचं दूध आणणारं संप्रेरक, वाढलेलं असेल तर ते दह्याने किंवा दही सोडल्याने उतरत नाही. पस्तिशीच्या आतल्या जोडप्याने वर्षभर प्रयत्न करून यश आलं नाही तर दोघांनी तपासणी करायची असते, पस्तिशीनंतर सहा महिन्यांनीच. तुला चौदा महिने झालेत आणि पाळीही लांबली आहे. त्यामुळे वजन वाढेपर्यंत थांबून मग बघू, असं करू नकोस. दोन्ही गोष्टी एकदमच सुरू कर.

सासूबाईंशी भांडू नकोस. त्याही तुझ्यासाठी उपाशी राहतायत. त्यांना कुणीतरी सांगितलं आणि त्यांनी विश्वास ठेवला, यात त्यांची माया आहे. पण कागद खाली काढण्याचं काम तुझं एकटीचं नाही, तुझ्या नवऱ्याचं आहे. त्याने आईला सांगावं: «आई, हिचं आठ किलो वजन गेलंय, पाळी बिघडली आहे, आता आम्ही दोघंही डॉक्टरांकडे जातोय.» त्यांना सोबत न्यायला जमलं तर न्या. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की पुष्कळ सासवा घरी येऊन स्वतःच दही विरजतात. मी पाहिल्यात. आणि त्यांना डिंकाचे, मेथीचे लाडू करता येत असतील तर करायला सांग. त्यांच्या हाताला काम मिळेल आणि तुझ्या अंगाला तूप-गूळ लागेल.

महिन्याला एखाद-दोन किलो वजन वाढलं तरी चांगलं. पाळी सुरू झाल्याच्या तारखा मोबाईलमध्ये टिपून ठेव. काही रक्ततपासण्या पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी करतात, म्हणून डॉक्टरांची वेळ ठरवताना फोनवरच विचार. गेल्या वर्षातल्या जेवढ्या तारखा आठवतात तेवढ्या आणि घटलेलं वजन एका कागदावर लिहून ने. नवऱ्याला घेऊनच जा. आणि ती पुडी पर्समध्ये टाक, डॉक्टरांना दाखवायला हवी.

तुझी,
ताई