हलगीवाला गेलाय आणि पथक नागपुरात आहे

भावा, तुझा प्रश्न दोनदा वाचला. लोकनृत्याचं पथक, सतरा ते बावीस वयाची पोरं-पोरी, नागपुरात मुक्काम, दोन कार्यक्रम अजून बाकी, आणि बहिणीच्या साखरपुड्यासाठी मधेच कोल्हापूरला परतलेला तुमचा हलगीवाला काल रात्री गाडीवरनं पडून गेला. पोरांना अजून सांगितलेलं नाही, उद्याचा कार्यक्रम झाला की सांगू का असं विचारलंयस. नको. हे वाचून झालं की लगेच सांग.

मी हीच चूक केलीय म्हणून बोलतोय. बारा-तेरा वर्षं झाली असतील, आम्ही पण तिकडंच विदर्भात होतो, पथकातली एक पोरगी डेंग्यूनं घरी आजारी होती, ती दुपारी गेली. संध्याकाळी पाहुणे मोठे, मानधन ठरलेलं, मी म्हटलं कार्यक्रम होऊदे मग बघू. मेकअप चालू असताना एकीच्या फोनवर फोटो आला, हार घातलेला. अर्ध्या तोंडाला रंग लागलेली पोरं माझ्याकडं बघायला लागली आणि एकानं एवढंच विचारलं, मामा, तुम्हाला कधी कळलं? दुपारी, हे काय मला सांगता येईना. पुढं बोलली पोरं माझ्याशी, पण मी काही सांगितलं की दुसरीकडनं खात्री करून घ्यायची, ते वर्षभर चाललं.

तर सगळ्यांना एका खोलीत बसव, तू पण खाली बस, आणि 'गेला' असंच म्हण. सिरीयस आहे, बघूया, असलं गोलगोल बोलू नकोस. तुला जे माहिती नाही ते माहिती नाही म्हण. आणि अठराच्या आतली जी आहेत त्यांच्या घरी आज तूच फोन कर.

अंत्यसंस्काराला तुम्ही काय पोचत नाही, पण आपल्याकडं रक्षाविसर्जन बहुतेक तिसऱ्या दिवशी असतं (हल्ली काहीजण दुसऱ्याच दिवशी उरकतात, घरच्यांना विचारून घे). जी दोन-चार पोरं त्याच्या जवळची आहेत त्यांना आज रात्रीच काढ. महाराष्ट्र एक्स्प्रेसच्या नादाला लागू नका, तिला कोल्हापूरपर्यंत दिवसभर न् रात्रभर लागतंय आणि तत्काळ पण आदल्या दिवशीच काढावं लागतं. त्यापेक्षा आज रात्रीची पुण्याची ट्रॅव्हल्स धरा, उद्या स्वारगेटवरनं कोल्हापूरची एसटी, रात्रीपर्यंत घरात. बरोबर एक मोठं माणूस पाहिजे, पोरांना एकटं सोडू नकोस. पैसे पथकाच्या खात्यातनं.

आता राहिलेले दोन कार्यक्रम. तुला कुणीतरी तमाशातल्या विठाबाई नारायणगावकरांचं सांगणारच, कार्यक्रम चालू असताना बाळंत झाल्या आणि परत बोर्डावर उभ्या राहिल्या. बाई थोरच, वादच नाही. पण तो फड त्यांच्या पोटाचा होता, आणि एवढं करून शेवटच्या दिवसांत औषधपाण्याला हाल झाले ते मात्र कुणी सांगत नाही. आपली पोरं कॉलेज करून नाचतात, त्यांच्यावर हे कशाला लादायचं? आणि 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा कोल्हापूरचे जाणते कलाकार रस्त्यावर उभं राहून रडत होते की. शाहू महाराजांनी 1915 ला बांधलेली वास्तू, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. इमारतीसाठी मोठी माणसं रडली तर चालतंय, मग ही पोरं तर मित्रासाठी रडणार.

नाचायचं का नाही हे पोरांनाच ठरवूदे, पण हात वर करायला लावू नकोस, बाजूचा बघून हात वर होतो. चिठ्ठ्या घे. ज्याला नको तो विंगेत बसेल, का नको हे कुणी विचारायचं नाही. बहुतेकांनी नको म्हटलं तर आयोजकांना तू स्वतः फोन कर, मानधन कापलं तर कापूदे.

नाचणारच असाल तर लेझीममधला मनोरा काढून टाक, यावर चर्चाच नको. रात्रभर न झोपलेली, जेवलेली नसलेली पोरं एकमेकांच्या खांद्यावर चढवायची नाहीत. पोरं गावाला गेली की ओळी तुटक्या दिसतात, त्यापेक्षा फेर धरा, फेरात माणूस कमी झालेला लोकांना कळत नाही, आणि पोरांना एकमेकांची तोंडं दिसत राहतात. निवेदकाला आधीच गाठ, नाहीतर तो माईकवर दहा मिनिटं श्रद्धांजली वाहत बसेल आणि पोरं विंगेत रडत उभी. एक वाक्य, बास. नारळ फोडायचा का, सुतक लागतं का, असं कुणीतरी विचारेल. सुतक भाऊबंदांना असतं, पण एखाद्याला नकोच वाटलं तर राहूदे.

हलगीच्या जोडीला घुमकं वाजवणाऱ्यावर लक्ष ठेव. तो आणि हलगीवाला सारखे शेजारी उभे असणार, कदाचित तो जास्त काही बोलणारच नाही. रात्री खोलीत कुणाला एकटं झोपवू नकोस, आणि एखादा फारच गप्प झाला किंवा माझ्यामुळंच झालं असं म्हणायला लागला तर टेलि-मानस या मानसिक आधाराच्या हेल्पलाइनचा 14416 लाव, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. पहिल्यांदा तू स्वतः लावलास तरी चालतंय.

हलगी त्याची स्वतःची का पथकाची, ते लिहिलं नाहीस. त्याची असेल तर पिशवीत घालून जाणाऱ्या पोरांबरोबर घरी पाठव. पथकाची असली तरी उद्या घुमकं-कैताळावर (कैताळ म्हणजे झांजच) नाहीतर ट्रॅकवर भागवा. कार्यक्रमाआधी जाळावर हलगी तापवायला तोच बसत असणार, ते काम ऐनवेळी दुसऱ्याला सांगू नकोस. आमच्यात आजून ते मीच करतो.

बस मिळाली का तेवढं कळव.