आजीचे जुने दागिने आणि चांदीची भांडी मुळात कुठली, हे कसं शोधायचं?

तुम्ही लिहिलंय की आजीच्या डब्यात कोल्हापुरी साज, पुतळ्यांची माळ आणि चांदीची काही भांडी निघाली. ती कोल्हापुरातच घडली की बाहेरून आली, आणि पानाचा डबा 'महाराजांनी दिलेला' असं घरात म्हणतात ते खरं का, हे तुम्हाला हवंय. माझी बरीच वर्षं गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, जुने दागिने हाताळण्यात गेली, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली विनंती: काहीही उजळायला देऊ नका. पॉलिश केलेला दागिना चकचकीत होऊन येतो खरा, पण ठशाच्या कडा, मागचा पुसट शिक्का, भांड्याच्या बुडावरची अक्षरं त्यातच झिजतात. साज रिठ्याच्या पाण्यातसुद्धा बुडवू नका. जुन्या साजाच्या पानड्या (ठसा उमटवलेली छोटी पदकं) आणि मणी आतून लाखेनं भरलेले असतात, पाणी शिरलं की लाख ढिली होते. 'मोड घालून नवीन करू' म्हणणारे नातेवाईक असतीलच, त्यांना सध्या थांबवा. वितळलेल्या सोन्याला मागचं काही विचारता येत नाही.

मग कागद शोधा. आजीच्या लग्नाची देण्याघेण्याची यादी, वाटणीपत्र, सोनाराची चिठ्ठी, गहाणाची पावती, यातलं एखादं तरी ट्रंकेच्या तळाशी असतंच. 1963 पासून 1990 पर्यंत देशात सुवर्ण नियंत्रण होतं, ठरावीक वजनापुढचं सोनं सरकारकडे जाहीर करावं लागे. तुमचं घर त्या मर्यादेत येत असेल तर त्या जाहीरनाम्याची प्रत सापडू शकते. लग्नाचे जुने फोटोही बघा. नऊवारीतल्या पणजीच्या गळ्यात हाच साज दिसला तर निदान कोणाकडून आला ते पक्कं होतं.

यादी वाचताना एक गोष्ट सांभाळा. आज आपण दहा ग्रॅमला तोळा म्हणतो, जुना तोळा 11.66 ग्रॅमचा. बारा माशांचा तोळा, आठ गुंजांचा मासा. यादीत 'पुतळ्यांची माळ तोळे 5' असेल तर ती 58 ग्रॅमच्या आसपास भरली पाहिजे. पन्नास भरली म्हणजे काही पुतळ्या मधल्या काळात गेल्या, किंवा ही माळच वेगळी. वाटणीत पुतळ्या मोजून निम्म्या करण्याची रीत अनेक घरांत होती, त्यामुळे धाकट्या आजोबांच्या घरी उरलेल्या पुतळ्या आहेत का, हेही विचारा. साजाला मात्र हा हिशोब लावू नका, त्यात लाखेचं वजन असतं.

आता पुतळ्या. माझ्या मते तुमच्या डब्यातली सगळ्यात बोलकी वस्तू हीच. मूळ पुतळी म्हणजे इटलीतल्या व्हेनिसचं सोन्याचं नाणं, साधारण साडेतीन ग्रॅमचं आणि जवळजवळ शुद्ध सोन्याचं. एका बाजूला तिथला राज्यप्रमुख, ज्याला डोज म्हणत, संत मार्कसमोर गुडघे टेकून ध्वजाची काठी धरलेला. दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या लंबगोलात उभा येशू. व्यापारातून ही नाणी पश्चिम किनाऱ्यावर आली, आपल्या बायकांच्या गळ्यात गेली, आणि आपल्या सोनारांनी त्यांची नक्कलही केली. भिंग घेऊन कडेची अक्षरं बघा. लॅटिन अक्षरं सरळ लागत असतील, डोजचं नाव वाचता येत असेल, तर त्याच्या कारकिर्दीवरून नाण्याचा काळ मिळतो. अक्षरांच्या जागी नुसत्या उभ्या-आडव्या रेघा असतील आणि माणसं काड्यांसारखी दिसत असतील, तर ती इथली नक्कल. तिची किंमत कमी समजू नका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर देणारी तीच आहे. आणि हे लक्षात असू द्या की व्हेनिसचं प्रजासत्ताक 1797 साली संपलं म्हणून तुमची माळ त्याआधीची ठरत नाही. जुनं नाणं नंतर कधीही कडी लावून ओवता येतं. दोऱ्यावरूनही काही ठरवू नका, दागिने दोऱ्यात गाठून देणाऱ्या पटवेगाराकडे माळ पुन्हा पुन्हा गाठवून घेतलेली असते.

साजाच्या 21 पानड्या एकेक करून बघा. मासा, कासव, चंद्र, कमळ, कारलं ही चिन्हं दिसली की साज आपल्या भागातला म्हणायला हरकत नाही. पण सगळ्या पानड्या एकाच हातच्या असतील असं नाही. एखाद्या पानडीचा ठसा जास्त ठसठशीत, सोन्याचा रंग जरा लालसर, मागची कडी वेगळी असेल तर ती नंतर बसवलेली. साजाच्या मागे किंवा आकड्याजवळ पेढीचा बारीक शिक्का असू शकतो. तो सापडला तर गुजरीतल्या दोन-तीन पिढ्यांच्या जुन्या पेढ्यांवर जाऊन वयस्कर माणसाला दाखवा. हॉलमार्क शोधत बसू नका, सोन्यावर ती पद्धत आपल्याकडे 2000 साली आली.

भांडी उलटी करून बुडं बघा. नाव, गाव, वजन, कधी शके कोरलेलं असतं. शकात 78 मिळवा: शके 1843 म्हणजे 1921, आणि जानेवारी ते मार्चमधलं असेल तर 1922. अक्षरं मोडी असतील तर वाचणाऱ्याकडे फोटो पाठवा. बुडावर सिंह आणि जहाजाचा नांगर कोरलेला असेल तर भांडं इंग्लंडच्या बर्मिंगहॅमचं, सिंहासोबत बिबट्याचं तोंड असेल तर लंडनचं, आणि शेजारच्या एका अक्षरावरून वर्षही निघतं. इंग्रजीत ईपीएनएस अशी चार अक्षरं असतील तर वरून फक्त चांदीचा मुलामा आहे. कच्छमधल्या भुजचे चांदी कारागीर ओमर्सी मावजी यांच्या कामावर ओ. एम. आणि भुज असं असतं. पैंजण असतील तर कोल्हापूरजवळच्या, चांदीकामाच्या हुपरीचा विचार आधी करा.

महाराजांच्या डब्याबद्दल. घरातली आठवण टाकाऊ नसते, पण तिला आधार लागतो. 'महाराज' म्हणजे कोण, हे आधी थोरल्यांना विचारा. शाहू महाराजांची कारकीर्द 1894 ते 1922. घरात कोणी मानकरी, इनामदार किंवा दरबारी नोकर होतं का? असेल तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात करवीर संस्थानची मोडी दफ्तरं आहेत, तिथे त्या व्यक्तीच्या नावानं आणि अंदाजे सालानं शोध घ्या. नुसतं 'डबा' म्हणून काही मिळणार नाही.

भाऊबंदांत कोणी परदेशी राहत असेल तर एवढं सांगून ठेवा: 1972 च्या कायद्यानं शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू पुरावस्तू ठरू शकते, आणि पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही.

पुतळीच्या दोन्ही बाजूंचे आणि डब्याच्या बुडाचे फोटो कडेनं उजेड पाडून काढा आणि इथे टाका. बघून मला कळेल तेवढं नक्की सांगतो.