रिअॅक्टमध्ये पुन्हा पुन्हा वापरता येतील असे चार्टचे कंपोनंट कसे बनवायचे? डी-थ्री सोबत घ्यावं का?

डी-थ्री (आकड्यांवरून चित्रं काढायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) घ्या, पण त्याच्याकडून फक्त गणित करून घ्या. डॉमला, म्हणजे पानावरच्या टॅगच्या रचनेला, हात लावू देऊ नका. तुम्ही लिहिलंय की प्रत्येक पानावर चार्टचा कोड कॉपी-पेस्ट होतोय आणि फिल्टर बदलला तरी जुन्या पट्ट्या तशाच राहतात. यूजइफेक्टमध्ये (रेंडर झाल्यावर चालणारा रिअॅक्टचा हुक) डी-थ्रीचं सिलेक्ट आणि अपेंड (टॅग निवडा, टॅग जोडा) लिहिलं की हे हमखास होतं. इफेक्ट पुन्हा चालला की नव्या पट्ट्या येतात, पण जुन्या काढायला कुणीच नसतं, कारण त्या तिथे आहेत हे रिअॅक्टला ठाऊकच नाही. म्हणून स्केल (आकड्याला पिक्सेलमधली जागा देणारं फंक्शन), अक्षावरच्या खुणा आणि रेघेचा पाथ डी-थ्रीने काढायचा. रेक्ट, पाथ, टेक्स्ट हे टॅग मात्र रिअॅक्टच्या मॅपमधून लिहायचे. त्यासाठी स्केल, शेप आणि अॅरे एवढीच तीन पॅकेजेस पुरतात, अख्खं डी-थ्री लागत नाही.

कंपोनंट लहान ठेवा. एक फ्रेम (आकार आणि समास सांभाळणारी), एक आडवा अक्ष, एक उभा अक्ष, एक पट्ट्यांचा, एक रेघेचा. स्केल वरच्या चार्टमध्ये बनवून प्रॉप्समधून (कंपोनंटला बाहेरून दिलेल्या किमती) खाली द्या. 'बारचार्ट' नावाचा एकच कंपोनंट करून त्याला तीस प्रॉप्स लावले, तर महिन्याभरात तो उघडायचीही भीती वाटते. डेटातल्या फील्डची नावं आत लिहून ठेवू नका. एक्स आणि वाय ही फंक्शन्स बाहेरून घ्या. ती फंक्शन्स कंपोनंटच्या बाहेर लिहा किंवा यूजकॉलबॅकमध्ये (तेच फंक्शन जपून ठेवणारा हुक) ठेवा, नाहीतर दर रेंडरला नवी होतात आणि स्केलचा हिशोब जपून ठेवायला लावलेला यूजमेमो असून नसल्यासारखा.

आता मापं. समजा रुंदी ६४०, उंची ३६०. समास वर २०, उजवीकडे २०, खाली ४०, डावीकडे ५६. आतली जागा उरते ५६४ बाय ३००. आत एक जी टॅग ५६, २० ने सरकवा, म्हणजे पुढे कुठेच समासाची बेरीज-वजाबाकी करावी लागत नाही. एसव्हीजीत (चार्ट ज्यात काढतो तो वेबचा चित्र-फॉरमॅट) वाय वरून खाली वाढतो, म्हणून उभ्या स्केलची रेंज (पिक्सेलची मर्यादा) ३०० ते ० अशी उलटी द्यायची. डोमेन (डेटातल्या आकड्यांची मर्यादा) ० ते १२०० असेल तर ८०० चा वाय येतो १००, आणि पट्टीची उंची ३०० वजा १००, म्हणजे २००. रेंज सरळ दिली तर सगळ्यांत मोठ्या आकड्याची पट्टी शून्य उंचीची होऊन गायबच होते. ऋण आकडे येणार असतील तर उंची वाय(०) आणि वाय(किंमत) यांच्या फरकाची निरपेक्ष किंमत घ्या. रेक्टला ऋण उंची चालत नाही.

डेटा सीएसव्हीतून येत असेल तर आधी आकड्यांत बदला. डी-थ्रीचं मॅक्स हे स्ट्रिंगची (मजकूर म्हणून साठवलेल्या आकड्यांची) तुलना अक्षरक्रमाने करतं, म्हणून त्याच्या लेखी '९००' हे '१२००' पेक्षा मोठं ठरतं आणि सगळ्यांत उंच पट्टी चौकटीबाहेर जाते. रिकामी स्ट्रिंग आकड्यात बदलली की शून्य होते आणि रेघ तळाला बुडी मारते. नोंद नसेल तिथे नल (रिकामी किंमत) ठेवा आणि रेघेला डिफाइन्डची अट लावा, म्हणजे तिथे रेघ तुटते. बँड स्केलमध्येही (प्रत्येक नावाला पट्टीची जागा देणारं स्केल) एक खाच आहे: दोन वर्षांचे दोन 'जून' असले तरी त्याला ते एकच वाटतात आणि पट्ट्या एकावर एक बसतात. 'जून २०२३' अशी पूर्ण किल्ली द्या; रिअॅक्टच्या की साठीही तीच वापरा, इंडेक्स नको.

रुंदी रिसाइझऑब्झर्व्हरने (डब्याचा आकार बदलला की कळवणारी ब्राउझरची सोय) मोजा, पण उंची प्रॉपमधूनच घ्या. उंचीही मोजायला गेलात तर चार्ट हळूहळू आपोआप लांबत जाताना दिसेल. एसव्हीजी मुळात इनलाइन असतं, त्याच्याखाली अक्षरांसाठी काही पिक्सेल जागा सुटते, तेवढा डबा वाढतो, मोजणी पुन्हा होते, आणि चक्र थांबत नाही. एसव्हीजीला डिस्प्ले ब्लॉक द्या.

क्लिपपाथ (चित्र कापायची चौकट) आणि ग्रेडियंटच्या (रंगछटांच्या) आयडी हाताने लिहू नका. एकाच पानावर दोन चार्ट आले की दुसरा पहिल्याच्या क्लिपने कापला जातो. रिअॅक्ट १८ पासून यूजआयडी (दर वेळी वेगळी आयडी देणारा हुक) आहे, तो याच कामाचा. अक्षावरचे आकडे जावास्क्रिप्टच्या इंटल नंबरफॉर्मॅटला 'एमआर-आयएन' देऊन काढले की १२,५०,००० असे देवनागरीत येतात. डी-थ्रीचं नेहमीचं स्वल्पविरामाचं फॉरमॅट तीन-तीन अंकांवरच तोडतं.

आणि दोन-चार साधेच चार्ट हवे असतील, डिझाइनचा फारसा हट्ट नसेल, तर हे सगळं न करता रिचार्ट्स (रिअॅक्टसाठी तयार चार्टची लायब्ररी) लावून मोकळे व्हा. त्याच्या पुढचं काही हवं असेल पण अक्ष स्वतः लिहायचा कंटाळा असेल, तर व्हिसएक्स (रिअॅक्टसाठी चार्टच्या सुट्या भागांची लायब्ररी) बघा. त्याची मांडणी बरीचशी वर सांगितली तशीच आहे.